कडी लावली का?

चार माद्या आणि एक नर असलेल्या घरात दिवसातून सगळ्यात जास्त वेळा काय विचारलं जातं? 'कडी लावली का?' उत्तर 'हो' आलं तरी विचारणाऱ्याने उठून स्वतः बघून यायचं, असा आमच्याकडे दंडक आहे. कोणी मनाला लावून घेत नाही. कुत्र्यांवर विश्वास ठेवावा, कडीवर ठेवावा, माणसाच्या 'हो'वर ठेवू नये.

पैदाशीची कुत्री पाळणाऱ्याचं घर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टोपलीभर गुबगुबीत पिल्लं येतात. पिल्लं वर्षातले काही आठवडेच असतात हो. बाकी सगळा काळ कोण कुठल्या खोलीत, कोण अंगणात, कोणामागे कुठलं दार ओढायचं, या हिशोबात जातो. ठकी आणि जाई एकमेकींचे कान चाटतात, एकाच अंथरुणावर घोरतात. पण जेवणाची भांडी खाली टेकली की दोघींच्या मानेवरचे केस उभे राहतात. म्हणून ठकी दाराच्या अलीकडे, जाई पलीकडे. आजीला मात्र सगळ्यांच्या आधी बाहेर सोडायचं. तिचं कागदोपत्री नाव वेगळंच आहे, पण वयाने तिला हे पद मिळालंय. मधे दुसरी कोणी घुसली, की आजी पाठ करून बसते आणि दुपारपर्यंत हाकेला ओ देत नाही.

खरी कसोटी माजाच्या दिवसांत. मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि पुढचे तीनेक आठवडे घराचं वेळापत्रक तिच्या नावाने चालतं. सुरुवातीचे आठ-दहा दिवस ती नराला जवळ फिरकू देत नाही, अंगावर धावून जाते. मग अचानक शेपूट एका बाजूला घेऊन उभी राहायला लागते, आणि तिथून पुढे आमची झोप जाते. बंड्या एरवी भांडं चाटूनपुसून लख्ख करणारा गडी. या दिवसांत तो अन्नाला तोंड लावत नाही. दाराखालच्या फटीला नाक लावून आडवा पडतो. फरशीवर लाळेचं थारोळं होतं, दात कटकट वाजत राहतात आणि रात्री असा सूर लावतो की शेजाऱ्यांना वाटावं आम्ही त्याला मारतोय. दोघांमध्ये एक दार पुरत नाही, दोन हवीत. एक उघडलं तर दुसरं बंद असलं पाहिजे. जाळीच्या दाराला तर मी दार म्हणतच नाही. शिवाय फाटकाबाहेरचे उमेदवार वेगळेच. एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात हे कळल्यापासून फाटकाला मी दुहेरी साखळी घातली आहे. त्यात भर म्हणजे एका घरातल्या माद्या पुष्कळदा पाठोपाठ माजावर येतात. एकीचं आटोपतंय तोवर दुसरीची तयारी.

नर दाखवायचा की नाही, हे या धांदलीत ठरवायचं नसतं, ते आधीच ठरलेलं असावं लागतं. खुब्याच्या सांध्यांचे एक्स-रे झालेत का, ब्रुसेलाची, म्हणजे समागमातून पसरणाऱ्या आणि गर्भ पाडणाऱ्या जंतूची, तपासणी झाली का, मागच्या वेतातून ती नीट सावरली का. हे न बघता 'दोन्ही चांगल्या जातीची आहेत की' म्हणून जोडी लावणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण त्यांचं पिल्लूही माझ्या घरात घेणार नाही.

चिंगीची गोष्ट निराळी. या खेपेला तिला नर दाखवला नव्हता. पण कुत्र्यांमध्ये गर्भ राहो न राहो, माजानंतरचे दोनेक महिने शरीरातलं संप्रेरकांचं चक्र जवळजवळ सारखंच फिरतं. ते ओसरायला लागलं की काही माद्यांना दूधसुद्धा उतरतं. चिंगीने रबरी बदक दत्तक घेतलं. ते तोंडात धरून घरभर फिरायची, पलंगाखाली नेऊन चाटायची, कोणी वाकून पाहिलं तर गुरगुरायची. नेमकी त्याच सुमारास जाई व्यायली. बंद दाराआडून पिल्लांची कुरकुर ऐकू आली की चिंगी बदक घेऊन दाराशी हजर. पिल्लं आपलीच, आणि आपल्याला उगाच बाहेर ठेवलंय, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. डॉक्टर म्हणाले, सडांना हात लावू नका, बदक हळूच नाहीसं करा, फिरवून आणून दमवा. दमवणं जमलं. बदक नाहीसं करणं अवघड गेलं, कारण तिने त्याच्या जागी माझी चप्पल नेली.

जाईचं बाळंतपण मात्र शिस्तीत झालं. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ तिचं तापमान घेत होतो. एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं, ते ३७ च्या खाली उतरलं की साधारण चोवीस तासांत कळा सुरू होतात. उतरलं, तिने अंथरूण उकरून उकरून चिंध्या केल्या, आणि पहाटेपर्यंत सात पिल्लं पेटीत होती. पेटीला आतून चारी बाजूंनी दांडी मारलेली असते, म्हणजे आई भिंतीला रेलली तरी मागे सापडलेलं पिल्लू चेंगरत नाही.

त्यानंतर घराची सूत्रं वजनकाट्याकडे जातात. रोज ठरल्या वेळी, प्रत्येकाच्या गळ्यातल्या रंगीत दोऱ्यावरून ओळख पटवून, वहीत आकडा. ऐकायला सोपं आहे. काट्यावरच्या वाडग्यात ठेवलेलं तीन दिवसांचं पिल्लू चारी पायांनी पोहत असतं. ३८०, ४१५, ३९०. आकडे ठरतच नाहीत. मग वाडग्यात फडकं घालायचं, त्यावर हाताची ऊब द्यायची आणि थांबायचं. दोन-तीन झटके देऊन ते नाक फडक्यात खुपसतं, अंग सैल सोडतं, आणि आकडा थबकतो. ४०२. काल ३७४ होतं. चला, पुढचा. आठ-दहा दिवसांत जन्मवजन दुप्पट व्हायला हवं. निळ्या दोऱ्याचं वजन दोन दिवस हललं नाही, तेव्हा त्याला दर वेळी मागच्या, भरपूर दूध असलेल्या सडाशी लावून, दांडग्या भावंडांना बाजूला धरून बसावं लागलं. जाई तेवढा वेळ माझ्या हातांवरची नजर काढत नव्हती.

डोळे बंद, कान बंद, अंगाची ऊबही स्वतःची स्वतःला राखता येत नाही. आईने चाटल्याशिवाय पहिले काही आठवडे त्यांना शी-शूदेखील होत नाही. एवढ्या परावलंबी जिवांना बघायला पाहुणे बुटांसकट आत शिरू पाहतात. पार्वोचा, म्हणजे पिल्लांना जीवघेणे जुलाब-उलट्या लावणारा, विषाणू जमिनीत महिनोनमहिने तग धरतो आणि बुटाच्या तळव्याला चिकटून खुशाल घरात येतो. तेव्हा बूट बाहेर, हात धुऊन, आणि दुसऱ्या कुत्र्यांकडून थेट आला असाल तर आज नाहीच. काहीजण रुसतात. रुसोत.

गंमत अशी की तिसऱ्या आठवड्यापासून मला याच्या बरोबर उलट वागावं लागतं. तिथून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाने जे पाहिलं-ऐकलं, ते त्याला पुढे ओळखीचं वाटतं. जे राहिलं, त्याला ते बिचकतं. म्हणजे लसी पुऱ्या व्हायच्या आधीच त्याला छत्री उघडताना दाखवायची, मिक्सर ऐकवायचा, दाढीवाला माणूस, काठीवाला माणूस, धावणारं मूल, सगळं भेटवायचं. रोगासाठी दार बंद, स्वभावासाठी उघडं. हा तिढा मी निवडक माणसं घरी बोलावून सोडवतो. कोण चालेल, याची यादी माझ्या डोक्यात आहे आणि ती मी कोणाला सांगत नाही.

पिल्लू घ्यायला येणारे रंग विचारतात, बाप किती मोठा आहे विचारतात. मी विचारतो, दिवसभर घरी कोण असतं? घुटमळत उत्तर आलं, की मी चहा पाजून पाठवून देतो. आठ आठवडे झाल्यावर गेलेल्या पिल्लाच्या घरून पहिल्या रात्री फोन येतोच. 'रडतंय हो, काय करू?' तुमच्या खोलीत, पलंगाशेजारी झोपवा.

आईही अशीच रडत असेल, असं फोनवर हटकून विचारलं जातं. जाई सहाव्या आठवड्यापासूनच सुयांसारखे दात टाळायला सोफ्यावर चढून बसत होती. शेवटचं पिल्लू गाडीत बसलं तेव्हा तिने फाटकापर्यंत येऊन वास घेतला, परत आली, ठकीचं उरलेलं जेवण फस्त केलं आणि चारी पाय वर करून घोरायला लागली. वहीत तिच्या नावापुढे 'पुढच्या माजाला नर नाही' असं लिहून ठेवलंय. ठकीचा माज मात्र कधीही सुरू होईल. त्याआधी बंड्याचं अंथरूण वरच्या खोलीत हलवायला हवं, आणि तिथली कडी सैल झालीये, ती आजच बदलायची आहे.