तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या गेमिंग पीसीत कोणता प्रोसेसर घालू?

‘काका, ह्येच्यात रायझन फाइव्ह बसतलो काय?’ रायझन म्हणजे एएमडी कंपनीचा प्रोसेसर. कुडाळात आणि आसपासच्या गावांत हा प्रश्न मला वर्षभर विचारला जातो. गणपतीच्या आधी जरा जास्तच, कारण मुंबईहून येणारा काका-मामा लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणणार असतो आणि त्याला मॉडेल नंबर तातडीने कळवायचा असतो. म्हणून सविस्तर लिहितो. इथे चुकीचा पार्ट आला तर तो परत मुंबईला धाडून बदलून घेणं सोपं नाही, आणि पोराने वर्षभर साठवलेले पैसे त्यात अडकतात.

सर्वांत आधी मशीन नक्की कुठे अडतंय ते बघा. यासाठी पैसे लागत नाहीत. तुमचा नेहमीचा गेम लावा, फ्रेम्सचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं तयार होतात त्याचा, आकडा स्क्रीनवर आणा आणि रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करा. फ्रेम्स भरभर वाढल्या तर अडचण ग्राफिक्स कार्डाची आहे, प्रोसेसरला हात लावू नका. आकडा जागचा हलला नाही तर मात्र प्रोसेसर कमी पडतोय. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्केच दिसतो म्हणून तो मोकळा आहे असं समजू नका. प्रोसेसरच्या आत काम करणारे छोटे भाग म्हणजे कोअर, आणि बऱ्याच गेमांचं मुख्य काम एकदोन कोअरांवरच असतं. ते दोन पुरते दमलेले असतात, बाकीचे बसून असतात आणि सरासरी ४० दिसते.

गेमही कोणता ते महत्त्वाचं. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ हे गेम प्रोसेसरवर ओझं टाकतात. मोठ्या नकाशाचे, सुंदर दिसणारे गेम जीटीएक्स १६५० सारख्या कार्डाला आधी दमवतात. त्यात मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर १४० फ्रेम्स काढूनही पडद्यावर सेकंदाला ६०च चित्रं उमटणार. आणि ८ जीबीची एकच रॅम लावलेली असेल तर आधी तशीच दुसरी लावा. दोन रॅम जोडीने चालल्या की प्रोसेसरला दुप्पट रुंद वाट मिळते, आणि गेम मध्येच अडकणं बऱ्याचदा तिथेच कमी होतं. मला सरासरी फ्रेम्सपेक्षा हे अडकणं जास्त महत्त्वाचं वाटतं. १०० फ्रेम्स दाखवणारा आणि ऐन चकमकीत गचका खाणारा गेम खेळण्यात मजा नाही.

हे सगळं बघूनही प्रोसेसरच अडवतोय असं ठरलं, तर तुमच्या मदरबोर्डाचं नाव वाचा. आपल्याकडच्या बजेट मशीनांत मला बी४५० किंवा ए३२० बोर्ड आणि त्यावर रायझन ३ ३२००जी किंवा रायझन ५ २६०० ही जोडी बरीच दिसते. असं मशीन असेल तर तुमचं नशीब चांगलं आहे. एएमडीचं एएम४ सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसायची जागा, २०१६-१७ मध्ये आलं आणि त्याच बोर्डांवर २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० बसतो. सहा कोअर, बारा थ्रेड (एकाच वेळी हातात घेता येणारी कामं), ६५ वॅट, आणि डब्यात कूलर. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) चांगल्या कंपनीचा असेल तर तोही बदलावा लागत नाही. ३२००जी मध्ये फक्त चार कोअर आणि चारच थ्रेड, त्यामुळे तिथून आलेल्याला फरक पहिल्याच दिवशी कळतो.

फक्त नाव नीट वाचा. ५६००, ५५०० आणि ५६००जी कानाला भावंडं वाटतात, पण ५६०० मध्ये एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच झटपट मेमरी, ३२ एमबी आहे आणि उरलेल्या दोघांत १६. मसाल्याचा डबा हाताशी असला की दर चिमटीसाठी माळ्यावर चढावं लागत नाही, तसं कॅशचं आहे. गेममध्ये प्रोसेसर सारखा तीच ती माहिती मागतो, ती कॅशमध्ये नसेल तर रॅमपर्यंत जावं लागतं आणि वेळ तिथेच जातो. दुकानदार ‘तेवढंच आहे, घ्या’ म्हणून ५५०० पुढे करतो. भावात मोठा फरक असेल तर घ्याही, पण ते तेवढंच नाही हे माहीत असू दे. ५७००एक्स मध्ये आठ कोअर आहेत. खेळता खेळता स्ट्रीम करणाऱ्याने किंवा व्हिडिओ एडिट करणाऱ्याने तो बघावा. ५७००एक्स३डी आणि ५८००एक्स३डी मध्ये तब्बल ९६ एमबी कॅश आहे, पण ते नवे मिळणं आता अवघड, आणि १६५० कार्डाच्या जोडीला ते लावण्यात मला अर्थ दिसत नाही. तो पैसा कार्डाला द्या.

‘मग सरळ नवीन एएम५ का नको?’ असंही विचारतात. एएम५ म्हणजे एएमडीचं एएम४ नंतरचं सॉकेट. नको, कारण त्यासाठी बोर्ड नवा लागतो आणि डीडीआर५ रॅमही नवी, आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत. असलेल्या बोर्डावरचा सर्वांत चांगला प्रोसेसर घेऊन तीन-चार वर्षं काढणं, हे मी आज बजेटवाल्याला मनापासून सांगतो.

इंटेलवाल्यांसाठी थोडक्यात. पिना सारख्या म्हणून प्रोसेसर चालेलच असं नाही: सहावी-सातवी आणि आठवी-नववी पिढी दोन्ही ११५१ पिनांच्याच, पण एकीचा दुसरीच्या बोर्डावर चालत नाही. एच६१०, बी६६० बोर्डावर आय३ १२१००एफ असेल तर आय५ १२४००एफ ही चांगली उडी आहे. तेराव्या-चौदाव्या पिढीतला घेणार असाल तर बायोस (मशीन सुरू होताना आधी चालणारा बोर्डातला प्रोग्राम) अद्ययावत करूनच वापरा, त्यातल्या बऱ्याच मॉडेलांत व्होल्टेजचा दोष निघाला होता आणि इंटेलने २०२४ मध्ये त्यावर बायोसमधून येणारी दुरुस्ती (मायक्रोकोड) दिली. एच६१ किंवा एच८१ बोर्डात मात्र जुना आय७ शोधून घालू नका. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ त्या प्रोसेसरांना अधिकृतपणे घेत नाही, आणि एच६१ वर बसणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत एव्हीएक्स२ ही प्रोसेसरमधली सोय नसल्याने काही नवे गेम उघडतही नाहीत. तिथे पैसे साठवणं बरं.

आता बायोसविषयी, आणि ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त जीव तोडून सांगायची आहे. जुन्या एएम४ बोर्डाला ५६०० ओळखता यावा म्हणून बायोस अपडेट करावा लागतो, आणि तो जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. नवा आधी बसवला तर स्क्रीन काळीच राहते. बोर्डाच्या कंपनीच्या यादीत आपला बोर्ड, त्याची रिव्हिजन आणि प्रोसेसर तिन्ही जुळतात का ते पाहा आणि कोणत्या बायोसपासून चालतो तो आकडा लिहून घ्या. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड मरू शकतो. आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. वाऱ्याने माडाची झावळ तारेवर आली की गावचा फीडर बंद. म्हणून यूपीएस असल्याशिवाय बायोसला हात लावू नका, तोही बॅटरी धरत असलेला. घरच्या इन्व्हर्टरवर करणार असाल तर त्यावर यूपीएस आणि ईको असं बटण असतं का ते बघा. ईकोवर बदल होताना पीसी रीस्टार्ट होऊ शकतो. आधी गेम चालू ठेवून मेन स्विच पाडून बघा. पीसी टिकला तरच पुढे जा, आणि तेही आभाळ स्वच्छ असताना.

प्रोसेसर काढतानाही घाई नको. एएम४ च्या पिना प्रोसेसरलाच असतात. प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट वाळून घट्ट झालेली असली की कूलर सरळ वर ओढल्यावर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा-पंधरा मिनिटं गेम खेळून पेस्ट ऊन होऊ द्या, मग मशीन बंद करून वायर काढा, कूलर डावी-उजवीकडे हलके फिरवा आणि सैल झाल्यावरच उचला. सेकंडहँड घेतानाही पिनांच्या रांगा उजेडात तिरक्या धरून बघा, एखादी वाकडी असेल तर रांग मोडलेली लगेच दिसते.

मालवण, वेंगुर्ला, देवगडच्या किनाऱ्याला राहत असाल तर खारा वारा पत्र्याला आणि स्क्रूंना खातो. हीटसिंकमध्ये धूळ आणि ओल मिळून चिकट थर बसतो. प्रोसेसर बदलायला कॅबिनेट उघडलंच आहे तर ते सगळं साफ करा, रॅमचे सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मे महिन्यात खोलीच ३४-३५ अंशांवर असते, त्यामुळे यूट्यूबवरच्या एसी खोलीतलं तापमान आपल्याला मिळणार नाही. ५६०० साठी एएमडीची मर्यादा ९० अंश आहे. गेममध्ये पंचाहत्तर-ऐंशी दिसलं तर घाबरू नका.

अर्थिंग मात्र तपासून घ्या. जांभ्याच्या कातळावर घर असेल तर उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि अर्थिंग कमजोर होतं. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की पीसीचा प्लग काढा, आणि सोबत राउटरची लॅन वायरही. ती बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही.

जुना ३२००जी विकायची घाई करू नका, त्याचे फार पैसे येत नाहीत. ५६०० मध्ये ३२००जी सारखं स्वतःचं ग्राफिक्स नाही. उद्या कार्ड बंद पडलं तर स्क्रीनवर काहीच येणार नाही, आणि नवं कार्ड मुंबईहून येईपर्यंत ३२००जी परत बसवून अभ्यास, ऑनलाइन फॉर्म, बँकेची कामं चालू राहतात. नव्या बायोसच्या यादीत तो अजून आहे ना, तेवढं एकदा बघा आणि पिना दबणार नाहीत अशा प्लॅस्टिकच्या डबीत ठेवून द्या.