नोटीस बोर्डासमोर

आज ओपीडी संपवून निघाले, तर कॉलेजच्या नोटीस बोर्डासमोर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी वहीत काहीतरी उतरवून घेत होती. पुढच्या महिन्यातली सीएमई (डॉक्टरांना नवीन माहिती देणारं सत्र), संशोधन पद्धतीची कार्यशाळा, आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस, म्हणजे 'शॉर्ट टर्म स्टुडंटशिप' ही शिष्यवृत्ती. १९७९ पासून सुरू असलेली ही योजना, एमबीबीएसच्या मुलांनी दोन महिन्यांत स्वतःचा छोटा अभ्यास करायचा.

"मॅडम, आमच्या गावाकडे विंचू फार चावतात. यावर करता येईल?"

मला भरूनच आलं. महाडसारख्या ठिकाणी राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर केलेलं काम आठवलं. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी, तिनं किती जीव वाचवले! आणि सुरुवात रुग्णांच्या नीट ठेवलेल्या नोंदींतूनच झाली होती.

तिला बसवून घेतलं. आधी गाइड, मग अभ्यासाचा प्रस्ताव, मग एथिक्स कमिटी, म्हणजे अभ्यासाला परवानगी देणारी नैतिकता समिती. परवानगीशिवाय एकाही पेशंटचा केसपेपर उघडायचा नाही. संमतीपत्रक मराठीत, आणि तेही आपल्या आजीला वाचून कळेल असं. तिनं लिहिलेलं पहिलंच वाक्य होतं, 'सदर अभ्यासात आपला सहभाग ऐच्छिक आहे.' ते खोडून तिनंच खाली लिहिलं, 'तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचे उपचार थांबणार नाहीत.'

शाई वाळायच्या आत मी त्याचा फोटो काढून ठेवला. उद्या वर्गात दाखवणार आहे. मुलांनो, अर्जाची तारीख बघून ठेवा आणि विषय सुचला की सरळ डिपार्टमेंटला या. दुपारी तीननंतर मी असतेच.