खिडकीतला दगड

आमच्या आठवीच्या वर्गात खिडकीशी वह्यांचा गठ्ठा असायचा आणि पानं उडू नयेत म्हणून त्यावर एक दगड. करडा, मुठीएवढा. एकदा भूगोलाच्या सरांनी तो माझ्या हातात दिला. "उलटा करून पाहा." खालच्या अंगाला बोराएवढे शंख रुतलेले होते, एकाला एक चिकटून.

"सर, ह्या गोगलगायी व्हय?"

"त्यांच्याच भावकीतल्या. नाव फायसा. टोक वर धर. तोंड कोणत्या हाताला येतं?"

डाव्या. बहुतेक शंखांचं उजव्या हाताला येतं, हे सरांनी दुसरा शंख दाखवून पटवलं. मग सांगितलं, की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरत होता. एक थर थंडावला की त्यावर तळी साचायची, त्यांत हे जीव राहायचे, आणि पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकायचा. आमचं काळं रान म्हणजे त्याच लाव्ह्याची माती! त्या दिवशी शेतातून घरी जाताना मी पाय जपून टाकत होतो.

हे शंख जगापुढे मांडणाऱ्यांत एक मोठं नाव स्टीफन हिस्लॉप यांचं. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज आम्हाला ऐकून ठाऊक होतं, ते नाव एका माणसाचं आहे हे त्या तासाला कळलं. स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा, १८१७ सालचा जन्म. १८४५ मध्ये मिशनरी म्हणून नागपूरला आले, पुढच्याच वर्षी शाळा काढली. धर्मप्रसारासाठी आले होते, हे सरांनी लपवलं नाही, मीही लपवत नाही. पण मराठी शिकून गावोगाव फिरताना त्यांची नजर पायाखालच्या दगडावर असे. १८५१ साली सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांना टाकळीला जीवाश्म सापडले. ती टाकळी आता नागपूर शहरात गडप झाली आहे. पुढे कामठीजवळच्या सिलेवाड्याच्या वाळूखडकात ग्लोसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीची पानं मिळाली. मांगलीला एका प्राचीन उभयचराची कवटी मिळाली, तिचं वर्णन लंडनमध्ये जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी केलं आणि ब्रॅकिऑप्स हे नाव दिलं. कॅल्साइट या खनिजाच्या एका हिरव्या प्रकाराला हिस्लॉपाइट म्हणतात, तेही यांच्याच नावावरून. गोंडांच्या लिंगो या पुराणपुरुषाची गाथा त्यांनी लिहून घेतली होती, ती त्यांच्या मागे १८६६ मध्ये छापली गेली. मला स्वतःला हे काम शंखांइतकंच मोलाचं वाटतं.

त्यांचा शेवट सांगताना सर खिडकीबाहेर पाहत होते. ४ सप्टेंबर १८६३. ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्यासोबत हिस्लॉप टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला गेले होते. परतताना बाकीचे पुढे गेले, हे गावातली शाळा तपासायला मागे थांबले. पोरांची परीक्षा घेता घेता उशीर झाला. अंधारात नाल्याला पाणी चढलेलं होतं आणि त्यात ते बुडाले. चार दिवसांनी त्यांना ४६ वर्षं पूर्ण झाली असती.

वर्गात कोणी बोललं नाही. टाकळघाट आमच्या गावापासून सायकलच्या अंतरावर. भादव्यातला नाला म्हणजे काय, हे आम्हा पोरांना सांगावं लागत नव्हतं. आमचे सर पलीकडच्या गावाहून यायचे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, सायकल खांद्यावर, चपला हँडलला अडकवलेल्या. पाणी छातीला लागलं तरच शाळेला सुट्टी, असा त्यांचा हिशेब. त्या पावसाळ्यात ते पाण्यात उतरले, की आम्ही ते अलीकडे येईस्तोवर काठावर उभे राहायचो.

पुढे मी भूशास्त्र शिकलो आणि भूजल सर्वेक्षणात नोकरीला लागलो. शेतकऱ्याला विहिरीची जागा दाखवणं हे माझं काम. लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या सांध्यात पाणी लागू शकतं, म्हणून मी जो थर शोधतो तो बरेचदा हिस्लॉपच्या शंखांच्याच पातळीवरचा असतो. खोदलेल्या विहिरीचा मलबा चाळल्याशिवाय माझा पाय निघत नाही. काटोलकडच्या एका विहिरीवर एकदा तसाच करडा गोटा मिळाला. तो घेऊन थेट सरांच्या घरी गेलो.

मोतीबिंदूने त्यांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी दगड मांडीवर घेतला, अंगठ्याने चाचपत एका शंखाचं टोक शोधलं, ते वर धरलं आणि बोट तोंडापाशी नेलं.

"डावा," ते म्हणाले. "फायसाच आहे."