खारीचा रस्सा, खारीशिवाय

डिसेंबरात नागपूरला गेलो तो मुख्यतः जेवायला. माझ्या एका मित्राचे काका खाण अभियंता. नागपूरच्या व्हीआरसीईत, म्हणजे आताच्या व्हीएनआयटीत शिकले, मग अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या रोला या गावी गेले. तिथलं विद्यापीठही मुळात खाणकामाचं कॉलेज म्हणूनच सुरू झालेलं. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी त्याच पट्ट्यात काढली आणि निवृत्तीनंतर काका-काकू धरमपेठेत परत आले. मित्र एकदा बोलता बोलता म्हणाला होता, "आमचे काका तिकडे खारी मारून खायचे." सीताबर्डी, दीक्षाभूमी, अजब बंगला वगैरे बघायचं राहूनच गेलं होतं, पण तिकीट काढलं ते या वाक्यामुळे.

रात्री पुण्यात गाडीत बसलो, सकाळी अजनी गेलं तेव्हा जाग आली. नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल सगळे बोलतात, थंडीबद्दल कुणी सांगत नाही. स्टेशनाबाहेर तर्री पोहे खाल्ले. तर्री दुसऱ्यांदा मागितली की गाडीवाला खूश होतो, हे लक्षात ठेवण्यासारखं.

काका सकाळी सेमिनरी हिल्सला फिरायला जातात. मीही गेलो. सत्तरी ओलांडलेला माणूस, डोक्याला मफलर, हातात काठी. पण चालणं असं की पानाचा आवाज होऊ नये. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी नुसता हात वर केला. "ऐकू येऊन राहिलं का?" मला काही येत नव्हतं. मग लक्षात आलं, वरून बारीक काहीतरी टपटपतंय. काका वर न बघता खाली बघत होते. झाडाखाली कुरतडलेल्या सालींचा ताजा चुरा पडला होता. त्यानंतर त्यांनी मान वर केली आणि सरळ बोट दाखवलं. खार होती. पाठीवर पाच पट्टे, शेपूट अंगावर घेतलेली, दोन्ही पुढच्या पायांत धरून काहीतरी सोलत होती.

आम्ही दोन पावलं पुढे सरकलो तशी ती खोडाच्या पलीकडे गेली. काका हळूच म्हणाले, "आता तू वळसा घालून पलीकडं जा. घाई नको." मी गेलो. खार मला चुकवायला पुन्हा खोडाभोवती फिरली आणि बरोबर काकांच्या समोर आली. काका काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. "गेली असती," एवढंच म्हणाले.

तर ही सगळी विद्या. मला वाटत होतं शिकार म्हणजे धावपळ, निशाणा, धाडधाड. काकांचं म्हणणं, खारीची शिकार म्हणजे नऊ आणे बसून राहणं, सहा आणे झाडं ओळखणं, आणि उरलेला एक आणा बंदूक. तिकडे हिकरी नावाचं झाड आहे, अक्रोडाच्या भाऊबंदांतलं. ऑगस्ट-सप्टेंबरात त्याची फळं धरली की खारी तिथेच. पहाटे अंधारात जाऊन खोडाला पाठ लावून बसायचं. उजाडता उजाडता वरून टरफलं पडायला लागतात. मेमध्ये मोसम सुरू होतो तेव्हा तुतीच्या झाडाखाली बसायचं, पुढे थंडीच्या तोंडावर ओकखाली. ज्याला झाड कळत नाही त्यानं दिवसभर भटकावं आणि रिकाम्या हातानं यावं.

रोलाच्या भोवती मार्क ट्वेन राष्ट्रीय वन पसरलंय, सगळे तुकडे मिळून सुमारे 15 लाख एकर. परवाना घेऊन तिथे शिकार करता येते. मिसुरीचा खारींचा मोसम मेच्या चौथ्या शनिवारी सुरू होतो आणि 15 फेब्रुवारीला संपतो. दिवसाला दहा खारी, त्याच्या वर एकही नाही. 1 जानेवारी 1967 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचं शिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्रही लागतं. काकांचा जन्म त्याआधीचा, त्यामुळे सुटले. शेजारच्या म्हाताऱ्यानं शिकवलं तेवढ्यावर काम भागलं. बंदूक पॉइंट टू टूची, छोट्या गोळीची. नेम डोक्याचा, कारण अंगाला गोळी लागली की खायला राहतं काय?

तिकडच्या दोन जाती. करडी खार साधारण अर्ध्या किलोची, आणि तांबूस रंगाची फॉक्स स्क्विरल त्याहून मोठी, किलोभरापर्यंत जाणारी. आपली बिचारी शंभर ग्रॅमच्या आसपास. इथे तो प्रश्नच नाही म्हणा. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून करायची हौशी शिकारही बंद झाली. शिवाय सेतू बांधताना रामानं जिच्या पाठीवर बोटं फिरवली तिला कढईत टाकायचं म्हणजे आमच्या आजीनं घरात घेतलं नसतं. मी काकांना भीमाशंकरला पाहिलेल्या शेकरूबद्दल सांगितलं, तर त्यांनी आधी वजन विचारलं. दीड-दोन किलो म्हटल्यावर जरा वेळ गप्प झाले आणि मग स्वतःच हसले, "राज्यप्राणी आहे बाप्पा तो."

अमेरिकेत मात्र खार ही गरिबाघरची भाजी होती. वसाहतवाले आले, जंगल तोडून मका लावला, खारींनी मका खाल्ला. 1807 साली ओहायोत तर करदात्यांनी ठरावीक खारी मारून त्यांच्या डोक्याची कातडी जमा करावी, असा कायदाच झाला. मका गेला तर गेला, खार खाऊ, असा तो हिशेब. व्हर्जिनियातल्या ब्रन्सविक परगण्याचे लोक सांगतात की त्यांच्या नावाचा प्रसिद्ध रस्सा 1828 मध्ये एका शिकारी टोळीच्या आचाऱ्यानं पहिल्यांदा केला तो खारींचाच. जॉर्जियातलं ब्रन्सविक म्हणतं, रस्सा आमचा. आता तो सगळीकडे कोंबडीचा नाहीतर डुकराचा करतात, भांडण मात्र चालूच आहे. सावजी पहिली कुणाची यावरून महाल आणि इतवारीत जे ऐकू येतं, त्यामुळे मला हे नवीन वाटलं नाही.

दुपारी काकांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. तिकडचा खारीचा रस्सा करायचा, पण खारीऐवजी गावरान कोंबडा आणला होता, कारण म्हातारी खार साधारण तशीच चिवट असते. तुकडे करता करता ते खार कशी सोलतात ते सांगत होते, आणि मला शिकारीपेक्षा हाच भाग जास्त रंजक वाटला. खारीचे केस सुटे, बारीक. मांसाला चिकटले की निघत नाहीत. म्हणून आधी ती पाण्यात बुडवून ओली करायची. शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूनं चीर देऊन हाड तोडायचं, पण वरची कातडी तोडायची नाही. मग शेपूट बुटाखाली दाबून मागचे पाय धरून सावकाश वर ओढायचं. कातडी पाठीवरून थेट खांद्यापर्यंत एकदम उतरते. उरलेली मागच्या पायांवरून वेगळी ओढायची. पुढच्या पायांच्या काखेत राखाडी, वाटाण्याहून लहान गाठी असतात, त्या सुरीच्या टोकानं काढायच्या. राहिल्या तर रश्श्याला वास येतो. काकांनी कोंबड्याचा पंख उचलून आतली जागा दाखवली, "इथं. बोटाला लागते." मग पाच तुकडे: मागचे पाय दोन, पुढचे दोन, पाठ एक. रात्रभर मिठाच्या पाण्यात.

कोवळी असेल तर पिठात घोळवून तळायची. कानाची कड सहज फाटली की कोवळी, असा तिकडचा ठोकताळा. जून असेल तर मंद आचेवर दीड-दोन तास.

पूर्वी केंटकीत काही लोक मेंदूही खात, अंड्याबरोबर परतून. 1997 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं की क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या असाध्य आजाराच्या पाच रुग्णांनी खारीचा मेंदू खाल्लेला होता. त्यामुळेच आजार झाला असं काही सिद्ध झालं नाही. "पण आम्ही डोकं तिथंच टाकायचो," काका म्हणाले. काकू ओट्याच्या दुसऱ्या टोकाला मसाला भाजत होत्या. त्यांनी खिडकी आणखी उघडली.

काकूंचं माहेर गोळीबार चौकातलं, विणकर कोष्ट्यांचं घर. अर्धा कोंबडा त्यांनी आधीच मागून घेतला होता. "तुमचं ते पांढरं पाणी पोराला एकटं काहून देता?" धणे, शहाजिरे, मिरी, लवंग, मसाला वेलची, दगडफूल, खसखस, सुकं खोबरं, सगळं जवसाच्या तेलावर काळपट होईपर्यंत, पण जळू न देता. वाटण जाडसर नाही, गंधासारखं बारीक. शेवटी रस्सा मिळून यावा म्हणून थोडं ज्वारीचं पीठ.

काकांच्या पातेल्यात तेवढ्या वेळात कांदा, गाजर, सेलरी, तेजपान, मिरी आणि कोंबडा एवढंच शिजत होतं. मांस हाडापासून सुटायला आल्यावर त्यांनी मैदा, बेकिंग पावडर, मीठ, लोणी आणि दूध कालवून सैलसर पीठ केलं आणि चमच्यानं उकळत्या रश्श्यावर गोळे सोडले. झाकण लावलं. "पंधरा मिनिटं कोणी उघडायचं नाही." वाफ गेली की गोळे बसतात. काकूंनी दहाव्या मिनिटाला उघडून बघितलं. "ही तर आपली वरणफळंच," त्या म्हणाल्या आणि झाकण परत लावलं. काका काही बोलले नाहीत. तेवीस-चोवीस वर्षं तेच चाललं असावं.

जेवायला बसलो. गोळे वरून फुगलेले, खालून रश्श्यात भिजून मऊ. रस्सा घट्ट, दुधट, मिरीचा. चव चांगली, पण दोन वाट्यांनंतर जीभ काहीतरी मागते. काकांच्या मते खारीचं मांस याहून गोडसर, हिकरी खाऊन वाढलेल्या खारीला सुक्या मेव्याचा वास येतो, आणि कोंबडीत ते येणं शक्य नाही. असेल. मी मात्र एक गोळा काकूंच्या सावजीच्या तर्रीत बुडवला. तिखट डोळ्यांपर्यंत गेलं, कान गरम झाले, आणि तो मैद्याचा सौम्य गोळा त्या तर्रीला जो काही लागला, तो मी आजवर कुठल्याही सावजी भोजनालयात खाल्लेला नाही. काकूंनी करून बघितलं. मग काकांनीही, जरा नाखुशीनं.

घरी करणार असाल तर कोंबडा गावरानच घ्या. ब्रॉयलर एवढ्या वेळात विरघळून जातो आणि पातेल्यात नुसती हाडं सापडतात. गोळ्यांच्या पिठात पाणी घालू नका, दूधच घाला. तर्री वेगळ्या वाटीत घ्या. पातेल्यात ओतली की दोन्ही बिघडतात, हे काकूंचं मत आणि या घरात त्यावर अपील नाही.