स्पायर म्हणजे गवताचं पातं

'स्पायर'चं, म्हणजे चर्चच्या निमुळत्या टोकाचं, नातं 'ॲस्पायर'शी, म्हणजे देवाच्या ओढीशी, असं इकडे इंग्लंडात चर्च दाखवणारे खुशाल ठोकून देतात आणि आपली मंडळी ते तसंच्या तसं घरच्या ग्रुपवर टाकतात. साफ चूक. 'ॲस्पायर' लॅटिनमधून आला, श्वासाशी जोडलेला. 'स्पायर' मूळचा जुन्या इंग्रजीतला 'स्पीर': कोंब, गवताचं पातं. शेतातला शब्द सोळाव्या शतकात चर्चच्या निमुळत्या टोकावर जाऊन बसला.

'स्पायरल'चं मूळही वेगळं, ग्रीकमधल्या वेटोळ्याचं. पण डर्बीशरमधल्या चेस्टरफील्डला गेलात तर हे कुणाला पटवता येणार नाही. तिथल्या सेंट मेरी अँड ऑल सेंट्स चर्चचा चौदाव्या शतकातला स्पायर 45 अंशांत पिळलाय आणि टोक मध्यापासून जवळपास साडेनऊ फूट सरकलंय. सैतानाने त्याभोवती शेपूट गुंडाळली म्हणे! खरा दोष सुताराचा. लाकूड ओलंच वापरलं, आतून तिरपे आधार पुरेसे दिले नाहीत. पुढे वर 33 टन शिशाचे पत्रे चढवले. दक्षिणेकडची बाजू उन्हाने जास्त तापते, पत्रा तिथे जास्त फुगतो आणि सांगाडा पिळत जातो. पत्रे माशाच्या काट्यासारखे तिरपे जोडलेत, त्यामुळे आठ बाजूंच्या सोळा भासतात. ओला कोंबच तो, वाकणारच. गावाला मात्र लाज नाही, फुटबॉल क्लबला लोक 'स्पायराइट्स' म्हणतात. आपल्याकडे असं झालं असतं तर कंत्राटदाराचा उद्धार झाला असता.

आता शब्द वापरायचा कुठे? खालचा चौकोनी भाग टॉवर, त्यावरचं निमुळतं टोक स्पायर, दोन्ही मिळून स्टीपल. लांबचं स्टीपल नजरेसमोर धरून कुंपणं-ओढे ओलांडत घोडी पिटाळायची, त्यावरून स्टीपलचेस. छताच्या कण्यावर उभं केलेलं बारीक टोक म्हणजे फ्लेश, फ्रेंचमध्ये बाण. पॅरिसच्या नोत्र दामचं 15 एप्रिल 2019च्या आगीत कोसळलं, ते हेच. कुलाब्याच्या अफगाण चर्चवर आहे तो अस्सल स्पायर.

आणि आपल्या देवळांच्या शिखरांना 'टेंपल स्पायर' लिहिणं सोडा. शिखर म्हणजे डोंगराचा माथा, थरावर थर चढवलेला, वर आमलक (आवळ्यासारखी कंगोरेदार दगडी चकती), त्यावर कळस. इंग्रजीतही सरळ 'शिखर'च लिहावं.