तालीम, आठवडा १४: लेन्सचा काही दोष नव्हता

तालमीत कुस्तीचे फोटो काढतोय. गेल्या वेळी १८-५५ एमएमची झूम लेन्स विकायला काढतोय असं लिहिलं होतं. राहू दे, विकत नाही. कारण ऐका.

जुनी तक्रार तुम्हाला पाठ आहेच: पैलवान धुरकट आणि मागची मारुतीची भिंत कशी लख्ख. त्यासाठीच तर ३५ एमएम एफ १.८ लेन्स घेतली (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं). जुनी ५५ ला एफ ५.६ पर्यंतच उघडते; तिच्या तुलनेत तीन स्टॉपपेक्षा जास्त उजेड (एक स्टॉप म्हणजे दुप्पट), म्हणजे जवळजवळ दहापट. तरी फोटो तसेच! परवा शांतपणे बसून एकेका फ्रेमची माहिती उघडली. शटर सगळीकडे १/४० सेकंद, हलत्या पैलवानाला फारच मंद. ऑटो आयएसओत (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो ती सोय) किमान शटर 'ऑटो'वर होतं. लेन्सनं दिलेला सगळा उजेड कॅमेऱ्यानं आयएसओ उतरवण्यात घालवला आणि शटर होतं तिथंच. दोन महिने मी लेन्सला शिव्या घालत होतो. (दुकानदारानं तर 'आता फुल फ्रेमच (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घ्या' असं सुचवलं होतं. नशीब, खिशात पैसे नव्हते.)

किमान शटर १/५०० केलं, आयएसओ ६४०० पर्यंत मोकळा सोडला. फोटोत दाणे येतात, येऊ देत. तांबड्या मातीत ते शोभतात.

रविवारी ३१२ फ्रेम मारल्या. सगळ्या धारदार आणि सगळ्या मेलेल्या. खाली पडलेला पैलवान, वर बसलेला पैलवान, पुन्हा खाली पडलेला पैलवान.

मग वही काढली. प्रत्येक फ्रेमसमोर एकच गोष्ट लिहायची: खटका का दाबला? पहिल्या वीस-पंचवीस फ्रेमपर्यंत 'चांगलं दिसलं' वगैरे लिहून स्वतःची समजूत काढली. पुढं मात्र खरं बाहेर पडायला लागलं: 'धप्प आवाज झाला म्हणून.' तेच पुन्हा पुन्हा. मी डोळ्यांनी नाही, कानांनी फोटो काढत होतो! आणि आवाज येतो तेव्हा डाव संपलेला असतो.

बुधवारी पहाटे वस्तादांना सांगितलं तर ते हसले. "पडतोय ते काय बगतोस लेकरा, त्याचा पाय बग की."

मग अर्धा तास कॅमेरा गळ्यातच ठेवला. खडाखडीत, म्हणजे सुरुवातीच्या उभ्या झटापटीत, हात हातात, डोक्याला डोकं, कुणी हलत नाही. आणि पट काढायच्या (वाकून समोरच्याचे पाय धरायच्या) आधी मागच्या पायाची टाच उचलते, बोटं मातीत रुततात, ओल्या मातीवर पाच खळगे पडतात. ते दिसलं की मनात 'एक' म्हणायचं आणि खटका. ४० फ्रेममध्ये एक मिळाली: दोन्ही हात मांडीला भिडलेत, समोरच्याला अजून पत्ताच नाही. त्या दिवशी मिसळ डबल कट.

पुढचा बेत कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानाचा होता, २०० एमएम लेन्स घेऊन. शाहू महाराजांच्या काळातलं, १९१२ चं ते मैदान असं बांधलंय की कुठंही बसा, कुस्तीचा हौदा दिसतोच. पण तिथून टाच कशी दिसायची? हे लिहितानाच डोक्यात आलं: लांबची लेन्स नकोच. १८-५५ १८ ला लावून, जमिनीला टेकवून, नुसते पाय. १८ ला ती एफ ३.५ पर्यंत उघडते, आणि तालमीचं दार उघडं ठेवलं तर सकाळी सातनंतरचा उजेड पुरेल बहुतेक.

तोवर सेन्सर साफ करायचाय. तालमीत लेन्स बदलायचा गाढवपणा केला होता, धूळ आत गेली. एफ १.८ ला कळलं नाही, पण काल रंकाळा तलावावर एफ ११ ला, म्हणजे बारीक भोकाला, आभाळ काढलं तर वर सात काळे ठिपके. आधी रबरी फुगा मारून बघतो. नाहीच गेले तर ओला स्वॅब, तोही दिवसाउजेडी.