तुम्ही विचारलंत म्हणून: कुठला अँटीव्हायरस टाकू?

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगच्या जिन्यात, गणपतीची वर्गणी घ्यायला आलेल्या पोरांकडून, आणि परवा तर सलूनमध्ये गालावर फेस असताना शेजारच्या खुर्चीतून मला हाच प्रश्न आला: "घरच्या कॉम्प्युटरला कुठला अँटीव्हायरस टाकू?" पंचवीस वर्षं लोकांची मशीनं दुरुस्त करतोय, म्हटल्यावर विचारणारच. लग्नात डॉक्टर भेटला की लोक गुडघा दाखवतात, तसंच हे. मी "आहे तोच राहू द्या" म्हणतो आणि समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला कंपनीचं नाव हवं असतं. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

मी २००० साली लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात असेंबलिंगला लागलो. मदरबोर्ड बसवायचा, विंडोज टाकायची, डबा टॅक्सीत घालून पार्टीच्या घरी पोचवायचा. लागून महिना झाला नसेल तोच ४ मे आला आणि त्याच्याबरोबर 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस. मनिलाहून निघालेलं ते प्रेमपत्र दिवसभरात जगभर पोचलं होतं. मेलमध्ये एक फाईल असायची, नावाच्या शेवटी डॉट टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर. निदान दिसायचं तसं. खरं नाव त्यापुढेही होतं: डॉट व्हीबीएस. तो मजकूर नव्हताच, चालणारा प्रोग्रॅम होता. पण विंडोज ओळखीच्या फाईलचं शेपूट लपवून ठेवते, त्यामुळे डॉट व्हीबीएस कुणाला दिसलंच नाही. उघडलं की तो आउटलुकच्या पत्त्यांच्या वहीतल्या प्रत्येकाला तुमच्या नावाने तेच पत्र धाडायचा आणि जेपीजी फोटोंवर स्वतःची प्रत चढवायचा. एमपी३ गाणी मात्र नुसती लपवायचा. त्या आठवड्यात दुकानात आलेल्या निम्म्या पार्ट्यांचं म्हणणं एकच: फोटो गेले हो. आणि ते परत येत नव्हते.

ते लपवलेलं शेपूट आजही विंडोजमध्ये लपलेलंच मिळतं. पंचवीस वर्षांत हे एवढं काही त्यांच्याच्याने झालं नाही. तेव्हा कुठलाही अँटीव्हायरस टाकायच्या आधी फाईल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मध्ये जा, विंडोज ११ असेल तर त्यातल्या 'शो' मध्ये, आणि 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा. पैसे पडत नाहीत. मग 'इन्व्हॉइस डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' तुम्हाला पूर्ण दिसेल.

आता नानांची गोष्ट. हे मला कुणी विचारत नाही, पण खरं उत्तर त्यातच आहे.

नाना गिरगावातल्या चाळीत राहायचे, गोदीतून निवृत्त झालेले. त्यांचं मशीन मीच बनवून दिलेलं: विंडोज ९८, आउटलुक एक्सप्रेस आणि मराठी लिहायला शिवाजी फाँट. जुलै २००१ मध्ये त्यांना भजनी मंडळातल्या एका स्नेह्याकडून मेल आला. इंग्रजीत दोन ओळी: कसे आहात, तुमचा सल्ला हवा म्हणून ही फाईल पाठवतोय. नाना खूश. निवृत्त माणसाला सल्ला कोण विचारतं? चष्मा पुसून त्यांनी फाईल उघडली. आत स्नेह्यांच्या सोसायटीचा पाण्याचा हिशोब होता. नानांनी तो तपासला, त्यात बेरजेची चूकही काढली आणि तसं फोन करून कळवलं. स्नेही म्हणाले, "कसला हिशोब? मी काही पाठवलंच नाही."

तो सर्कॅम नावाचा व्हायरस होता. त्याची खोड अशी की तो 'माय डॉक्युमेंट्स'मधली तुमचीच एखादी फाईल उचलायचा, तिच्या पोटात स्वतः शिरायचा आणि फाईलचं नाव विषय म्हणून टाकून ओळखीच्यांना पाठवायचा. समोरच्याने उघडली की खरीखुरी फाईलही दिसायची, त्यामुळे संशयच यायचा नाही. नानांच्या मशीनमधून त्याने नेमकी 'वाटणी' नावाची फाईल उचलली. गुहागरचं घर धाकट्याला, पोस्टातले पैसे थोरल्याला, असा कच्चा मसुदा होता तो. बायकोलासुद्धा दाखवला नव्हता.

डोंबिवलीच्या थोरल्या मुलाने फाईल उघडली तर नुसती अगडबगड इंग्रजी अक्षरं. फाँट नव्हता ना त्याच्याकडे. युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी वाचता येण्याची सोय, रुळायच्या आधीच्या त्या काळात मराठी मजकुराला हे एक आपोआप मिळालेलं कुलूपच होतं. पण सूनबाईंच्या ऑफिसात मराठी टायपिंग व्हायचं. त्यांनी फाईल फ्लॉपीवर घातली आणि नेली. ऑफिसात मजकूर व्यवस्थित वाचता आला. व्हायरसही व्यवस्थित पोचला.

महिन्याभराने गणपतीला सगळे जमले. नानांनी मला मुद्दाम बोलावलं होतं, मशीन बघायला म्हणून. आरती झाली, पानं वाढली, कुणी अवाक्षर काढलं नाही. फक्त सूनबाई मोदक वाढताना म्हणाल्या, "नाना, गुहागरच्या नारळाचेच आहेत हो. अजून मिळतात तोवर." मी ताटातून मान वर केली नाही. पुढे ते घर दोघांच्या नावावर झालं, असं धाकट्याने सांगितलं.

त्या मशीनमध्ये अँटीव्हायरस होता, बरं का. रीतसर सीडीवरून मीच टाकलेला. पण नवा व्हायरस ओळखायला त्याला नेटवरून रोज धडा घ्यावा लागतो, आणि नाना टेलिफोनचं बिल वाढेल म्हणून दिवसाला दहा मिनिटं नेट लावायचे. धडा जुना, चोर नवा.

तेव्हापासून मी पार्टीला सांगतो: मेल कुणाकडून आला हे बघू नका, ही फाईल तुम्ही मागितली होती का ते बघा. अनोळखी माणसाची फाईल आपण तशीही उघडत नाही. घात ओळखीच्या नावाने होतो. त्यातही २००२ च्या क्लेझ व्हायरसपासून पाठवणाऱ्याचं नावसुद्धा खोटं असायला लागलं. पत्त्यांच्या वहीतून तो तिसऱ्याच कुणाचं तरी नाव उचलायचा. त्यावरून दोन मामेभावांत झालेलं भांडण मी सोडवलंय. मागितली नसेल तर फोन करा. मेलला उत्तर देऊन विचारू नका, खातंच चोराच्या हातात असेल तर "हो, मीच पाठवलंय" हेही तोच लिहील.

सगळेच किडे मेलमधून येत नाहीत. ऑगस्ट २००३ चा ब्लास्टर नुसतं नेट लावलं की शिरायचा, फाईल उघडायची गरजच नाही. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी आणि मशीन बंद होऊन पुन्हा सुरू. त्या साठ सेकंदांत 'रन'मध्ये जाऊन 'शटडाउन -ए' टाइप करायचं की मोजणी थांबायची. लोक मला जादूगार समजायचे. पण त्यावरचा पॅच, म्हणजे विंडोजमधलं भोक बुजवणारं ठिगळ, मायक्रोसॉफ्टने जुलैतच दिला होता, लोकांनी तो घेतला नव्हता. १२ मे २०१७ च्या वॉनाक्रायचंही तेच, पॅच मार्चमध्ये आलेला. फरक इतकाच की वॉनाक्राय फायली कुलूपबंद करून ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये मागत होता. म्हणून अपडेट आलं की "नंतर" दाबत बसू नका. विंडोज १० ची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. मुदतवाढीला नाव नोंदवलं नसेल तर त्या मशीनवर बँकेचं काम करू नये, असं माझं मत. आणि विंडोज क्रॅक करून टाकलेली असेल तर माझ्याशी अँटीव्हायरसवर बोलूच नका. क्रॅक चालवायला अँटीव्हायरस आधी बंद करायला सांगतात, तिथेच काय ते समजा.

तर कुठला? विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटीव्हायरस आलेलाच असतो, घरगुती वापराला तो पुरतो. विकत घ्यायचाच असेल तर पुण्याचं क्विक हील घ्या, आणखी कुठलं घ्या, माझी हरकत नाही, पण एकच ठेवा. दोन ठेवले की एकमेकांच्या पायात येतात आणि मशीन बैलगाडी होतं. नव्या लॅपटॉपबरोबर आलेला फुकट महिन्याचा अँटीव्हायरस मुदत संपली की काढून टाका. घरोघरी मला तोच सापडतो, कोपऱ्यात लाल खूण घेऊन बसलेला, वर्षानुवर्षं.

मुलांना आणि आजोबांना विंडोजमध्ये वेगळं साधं खातं उघडून द्या, ॲडमिनचा पासवर्ड स्वतःकडे. वर्डची फाईल 'एनेबल कंटेंट' दाबा म्हणाली तर दाबू नका. १९९९ चा मेलिसा व्हायरस वर्डमधल्या मॅक्रोवरूनच, म्हणजे फाईलच्या आत दडलेल्या छोट्या प्रोग्रॅमवरूनच, पहिल्या पन्नास पत्त्यांवर गेला होता. नेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो आपणहून अडवायला मायक्रोसॉफ्टने २०२२ उजाडवलं. झिप फाईल आणि तिचा पासवर्ड एकाच मेलमध्ये आला तर ती फाईल सरळ उडवा. पासवर्ड तुमच्यासाठी नसतो, वाटेतल्या तपासणीला आत डोकावता येऊ नये म्हणून असतो. हल्ली व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका म्हणून एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाईल, येते, ती त्याच प्रेमपत्राची नात.

आणि बॅकअप. बाहेरची हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा लावा, फोटो-कागदपत्रं कॉपी करा आणि काढून कपाटात ठेवा. काढून, हे महत्त्वाचं. एका शिक्षिकाबाईंच्या घरी डिस्क कायम लावलेली असायची. फायलींना कुलूप लागलं तेव्हा डिस्कलाही लागलं. चौदा वर्षांचे फोटो. बाई मला म्हणाल्या, "दादा, पैसे भरू का?" मी नको म्हटलं. आजही वाटतं, आपण बरोबर सांगितलं का.

चुकून उघडलीच फाईल, तर आधी नेट तोडा. वायफाय बंद, वायर असेल तर उपटा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून, पहिला मेलचा. मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. पैसे गेले असतील तर मला नको, १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, ताबडतोब.

नाना त्या गणपतीनंतर अटॅचमेंट आली की आधी फोन उचलायचे. मलाही यायचा. "अरे, तू मला काही पाठवलंयस का?" "हो नाना, बिल पाठवलंय." "बरं, बरं. मग काय म्हणतोस?" पुढे अर्धा तास गोदीच्या गप्पा. बिल उघडायचं राहूनच जायचं, मग मी गिरगावात गेलो की कागदावर द्यायचो.